कशावरून? तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षासाठी एक वही

तत्त्वज्ञान विषय घेतला म्हटल्यावर घरात 'पुढे काय करणार?' हा प्रश्न झालाच असेल. त्याचं उत्तर इथे मिळणार नाही. पुण्यात पेठेतल्या एका कॉलेजात मी अकरावी-बारावीला तर्कशास्त्र आणि बी.ए.ला तत्त्वज्ञान शिकवते, आणि मला सांगायचंय ते फार मर्यादित आहे. ज्ञानमीमांसेचा, म्हणजे ज्ञान कशाला म्हणायचं या अभ्यासाचा, पेपर सुटणं वेगळं आणि ज्ञानाबद्दलची आपली समजूत जागची हलणं वेगळं. पेपर झेरॉक्सच्या नोट्सवर आठवड्याभरात सुटतो. समजूत हलायला वर्ष जातं, आणि त्यासाठी हाताने काहीतरी करावं लागतं. नुसत्या वाचनाने शब्द तेवढे वाढतात.

बारावीपर्यंत ज्ञान म्हणजे बरोबर उत्तर. ते कुठेतरी छापलेलं असतं, सरांना माहीत असतं, आपण ते जसंच्या तसं उतरवायचं. अशी मुलं प्रथम वर्षाला येतात आणि पहिल्याच आठवड्यात विचारतात, "मॅडम, मग यातलं खरं कोणाचं? शंकराचार्यांचं की बौद्धांचं?" प्रश्न चांगलाच आहे. पण मी एक नाव सांगेन, ते अधोरेखित करून पुढच्या धड्याकडे जाता येईल, अशी त्यामागची अपेक्षा असते. या अपेक्षेचं काय करायचं, तेवढंच पुढे लिहिते आहे.

आधी यादी

अप्पा बळवंत चौकातून शंभर पानी वही आणा, आणि अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' हा न्यायदर्शनाचा छोटा संस्कृत ग्रंथ, मराठी भाषांतरासह. सतराव्या शतकातलं हे पुस्तक इतकं लहान आहे की एका दुपारी वाचून होतं आणि इतकं दाट की वर्षभर पुरतं. बालांना सुखाने समजावं म्हणून लिहितो आहे, असं ग्रंथकार सुरुवातीलाच म्हणतो. मनावर घेऊ नका. माझ्या ओळखीत कोणालाच ते सुखाने समजलेलं नाही.

वहीच्या पहिल्या पानावर स्वतःला खात्रीने माहीत असलेल्या वीस गोष्टी लिहा. 'ईश्वर आहे', 'आत्मा अमर आहे' असलं काही नको, रोजचं लिहा. चहात साखर जास्त झाली आहे. समोरचे गावाला गेले आहेत. किल्ली खुंटीवर नाही. माझा जन्म अमुक तारखेचा. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्यात पूर आला. मग प्रत्येक ओळीसमोर लिहा: हे मला कशावरून कळलं?

साखरेचं सोपं आहे, जिभेने सांगितलं, म्हणजे प्रत्यक्ष. समोरचे गावाला गेल्याचं तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही. दाराला कुलूप आहे आणि कडीत दोन दिवसांचे पेपर अडकलेत, त्यावरून तुम्ही ते ठरवलंत. हे अनुमान. पानशेतचा पूर तुमच्यापैकी कोणी पाहिलेला नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितला, पेपरात दर जुलैला छापून येतो, म्हणून माहीत आहे. हा शब्द, म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं. 'आप्तवाक्यं शब्दः' असं तर्कसंग्रहात दोन शब्दांत आटपलंय. उपमान, म्हणजे सारखेपणावरून ओळखणं, तुमच्या यादीत बहुधा येणार नाही. पुस्तकातला गाईसारखा दिसणारा गवय हा रानटी प्राणी सोडला तर उदाहरण शोधताना माझीही दमछाक होते.

आता जन्मतारखेपाशी थांबा. जन्माला तुम्ही स्वतः हजर होता, पण त्याचं प्रत्यक्ष ज्ञान तुम्हाला नाही. आईने सांगितलं, दाखल्यावर लिहिलंय. म्हणजे प्रत्येक फॉर्मवर ठामपणे लिहिता ती तारीख सबंध शब्दप्रमाणावर उभी आहे. बहुतेकांच्या यादीत वीसपैकी निम्म्याहून अधिक गोष्टी अशाच निघतात, आणि इथे पहिल्यांदा चेहरे बदलतात. 'मी स्वतः विचार करतो' म्हणणाऱ्या मुलाला कळतं की आपल्या डोक्यातला मोठा ऐवज दुसऱ्यांनी दिलेला आहे.

यानंतर पेन्सिल घ्या. कोणत्या दर्शनाला (तत्त्वज्ञानाच्या परंपरेला) किती प्रमाणं, म्हणजे ज्ञान मिळवण्याची साधनं, मान्य, हा तक्ता परीक्षेत हमखास येतो: चार्वाकांना एक, बौद्ध आणि वैशेषिकांना दोन, सांख्यांना तीन, नैयायिकांना (न्यायदर्शनवाल्यांना) चार, प्राभाकर मीमांसकांना पाच, भाट्ट मीमांसकांना सहा. तो पाठ करण्याऐवजी आपल्या यादीवर चालवा. चार्वाक होऊन प्रत्यक्ष सोडून सगळं खोडा. जन्मतारीख गेली, पानशेत गेलं, समोरचे गावाला गेलेतही गेलं. मग बौद्ध होऊन अनुमान परत घ्या, पण शब्दाला स्वतंत्र प्रमाण म्हणून जागा देऊ नका. आईचं सांगणं मानायचं असेल तर 'आई सहसा खोटं बोलत नाही' या अनुमानातून माना. किल्लीच्या ओळीवर भाट्ट तुम्हाला अडवतील. खुंटीवर किल्ली 'नाही', हे डोळ्यांना कसं दिसलं? डोळ्यांना तर फक्त खुंटी दिसली. नसणं कळण्यासाठी ते अनुपलब्धी हे वेगळं प्रमाण मानतात. आणि होस्टेलवरचा जो मित्र मेसला जेवत नाही तरी अंगाने भरत चाललाय, तो रात्री कुठेतरी खातो हे तुम्हाला अर्थापत्तीने, म्हणजे त्याशिवाय मेळच बसत नाही म्हणून, माहीत आहे. ग्रंथांत त्याचं नाव देवदत्त.

असा खोडाखोडीचा एक तास झाला की तक्ता विसरायला होत नाही, हा वरचा फायदा. खरी गोष्ट अशी की 'मला माहीत आहे' हे वाक्य एकसंध राहत नाही. माहीत असण्याचे प्रकार आहेत, आणि प्रत्येक प्रकार वेगळ्या जागी तुटू शकतो.

धूर, अगदी जवळून

पुस्तकात पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. शेकडो वर्षं हेच उदाहरण चालू आहे आणि वर्गात ते काढलं की मागच्या बाकावर जांभया सुरू होतात. म्हणून पावसाळा सरता सरता डेंगीच्या डासांसाठी महापालिकेची माणसं धूर मारायला येतात, तो दिवस साधा. खांद्यावर लांब नळीचं यंत्र, कानठळ्या बसवणारा आवाज, आणि दोन मिनिटांत सोसायटीचं पार्किंग पांढरंधोप. रॉकेल-डिझेलचा वास घरात शिरतो, सगळे खिडक्या लावतात. तुम्ही खिडकी लावा आणि वही उघडा.

अनुमानाचे पाच अवयव, म्हणजे पायऱ्या, लिहा. प्रतिज्ञा: पार्किंगमध्ये आग आहे. हेतू: कारण तिथे धूर आहे. उदाहरण: जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, जसं चुलीचं स्वयंपाकघर. उपनय: पार्किंगमध्ये तसाच, आगीशिवाय नसणारा धूर आहे. निगमन: म्हणून तिथे आग आहे. मांडणी निर्दोष दिसते. पण बंब बोलवायला कोणी धावत नाही, कारण आग लागलेली नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. मग चुकलं कुठे?

वर्गात इथे साधारण तीन गट पडतात. पहिला म्हणतो, नियमच खोटा. आगीशिवायही धूर असतो. म्हणजे हेतू सव्यभिचारी, आग नसतानाही आढळणारा. ठीक, पण हे फुकट मिळत नाही. नियम खोटा म्हटला की समोरच्या इमारतीतून खरोखर धूर येईल त्या दिवशी 'आग लागली!' ओरडण्याचा तुमचा आधारही गेला.

दुसरा गट म्हणतो, तो धूरच नाही. हे विज्ञान शाखेतून आलेल्या मुलांना सुचतं, आणि ते बरोबर आहेत: औषध डिझेलमध्ये किंवा रॉकेलमध्ये मिसळून तापवतात, बाहेर पडताच त्याचे बारीक थेंब होतात, आणि तो थेंबांचा ढग आपल्याला धुरासारखा दिसतो. म्हणजे हेतू पक्षावर, इथे पार्किंगमध्ये, नाहीच. अशा हेतूला स्वरूपासिद्ध म्हणतात. नियम वाचला. पण मग धूर कोणता आणि धुरासारखा कोणता, हे ओळखायचं कसं? 'आगीपासून निघतो तो धूर' म्हणाल तर आग आधी माहीत असावी लागेल, आणि धुरावरून आग ओळखायचा खटाटोप वाया गेला.

तिसरा गट लहान असतो, बहुधा एकच मुलगा, ज्याने ते यंत्र जवळ जाऊन पाहिलेलं असतं. तो म्हणतो, आग आहे की! यंत्राच्या आत पेट्रोल जळत असतं, आवाज त्याचाच. म्हणजे अनुमान बरोबर होतं आणि 'आग नाही' म्हणण्यात आपणच घाई केली. या उत्तराला टाळ्या पडतात. मग कोणीतरी विचारतं, बालगंधर्व रंगमंदिरात नाटकात स्वप्नाच्या प्रवेशाला कोरड्या बर्फाचा पांढरा लोट सोडतात, त्याचं काय? तिथे तर बर्फ. आणि आपण पुन्हा दुसऱ्या गटाच्या दारात.

मी इथे निकाल देत नाही. मुलांना राग येतो. तासाअखेर उत्तर न सांगणारी बाई म्हणजे कामचुकार बाई. पण वहीत काय जमा झालं ते पाहा. तीन उत्तरं आणि प्रत्येकाची किंमत. 'बरोबर कोणतं?' याच्या जोडीला 'हे मान्य केलं तर आणखी काय काय मान्य करावं लागेल?' हा प्रश्न आला. वर्षभरात एवढा एकच बदल झाला तरी फी वसूल.

धुराचा धडा सोडण्याआधी उपाधी शिकून घ्या. रोजच्या कामात मला सगळ्यात उपयोगी पडलेलं हत्यार हे आहे. 'जिथे आग तिथे धूर' हे उलट अनुमान फसतं, कारण धुराला आगीबरोबर ओलं सरपणही लागतं. ते नजरेआड राहिलेलं तिसरं काहीतरी म्हणजे उपाधी. साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचं ते, असेल तिथे ती असते, पण हेतू असेल तिथे असतेच असं नाही. आता रिक्षाच्या पाठीमागची क्लासची जाहिरात पाहा: नव्वद टक्के मिळवलेल्या मुलांचे फोटो, आणि खाली सुचवलेलं अनुमान असं की आमच्याकडे या, तुम्हालाही मिळतील. नव्वदवाली सगळी मुलं आधीपासून अभ्यासू होती. क्लासला मात्र सर्व प्रकारची मुलं होती. बाकीच्यांचे फोटो नाहीत एवढंच. ओलं सरपण सापडलं. आठवड्याला एक जाहिरात घ्या आणि त्यातली उपाधी शोधा. औषधांच्या आणि गुंतवणुकीच्या जाहिराती विशेष फळ देतात.

नशिबाने खरं

हा सराव जून ते सप्टेंबरच करता येतो. रोज संध्याकाळी वहीत लिहायचं: उद्या पाऊस पडेल की नाही, आणि कशावरून. दोन रकाने करा. एकात घरातलं माणूस, म्हणजे ज्यांचा गुडघा पावसाआधी दुखतो अशी मावशी किंवा आजोबा. दुसऱ्यात वेधशाळा. वेधशाळेला हसायची पुण्यात जुनी रीत आहे. भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं, शिवाजीनगरच्या त्या इमारतीला अजून सिमला ऑफिस म्हणतात, आणि विनोदही बहुधा तेव्हापासूनचे असावेत. हसू नका, नोंद करा.

पहिल्याच आठवड्यात भांडण होतं. 'पाऊस पडला' म्हणजे काय? कात्रजला धो धो आणि शिवाजीनगरला कोरडं, असं पुण्यात नेहमीचं. चार थेंब पडले तर मावशीचा गुडघा जिंकला का? हवामान खात्यापुरतं याचं उत्तर ठरलेलं आहे: सकाळी साडेआठला मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजतात, आणि २.५ मिलिमीटर किंवा जास्त भरला तरच तो पावसाचा दिवस. हीच व्याख्या घ्या, किंवा स्वतःची करा, पण आधी करा. विधान खरं की खोटं हे ठरवण्याआधी विधान काय आहे ते ठरवावं लागतं. वर्गात हे सांगून कोणाला पटत नाही. मावशीशी भांडण झालं की पटतं.

महिनाअखेरीस वहीत चार प्रकारच्या ओळी असतील. आधार चांगला आणि भाकीत खरं. आधार चांगला पण भाकीत खोटं. आधार फुसका आणि भाकीतही खोटं. आणि चौथी, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप: आधार फुसका, पण भाकीत खरं. मावशीचा गुडघा जिना चढून दुखला होता, आणि पाऊस पडला. मावशीला पाऊस पडणार हे 'माहीत होतं' का?

इथे वही बाजूला ठेवून तीन गोष्टी एका बैठकीत वाचा. आठव्या शतकातला बौद्ध पंडित धर्मोत्तर सांगतो: वाळवंटातल्या तहानलेल्या माणसाला मृगजळ दिसलं, तो धावत तिथे गेला, आणि तिथेच एका खडकाखाली खरोखर पाणी होतं. बाराव्या शतकातला श्रीहर्ष म्हणतो: मुठीत किती कवड्या, असं विचारल्यावर एकाने 'पाच' असं ठोकून दिलं आणि मूठ उघडली तर पाचच. १९६३ साली एडमंड गेटियर या अमेरिकी प्राध्यापकाने तीन पानी लेख छापला. स्मिथला चांगल्या पुराव्यावरून वाटतं की नोकरी जोन्सला मिळणार, आणि जोन्सच्या खिशात दहा नाणी आहेत हे त्याने मोजलंय. म्हणून तो म्हणतो, 'ज्याला नोकरी मिळणार त्याच्या खिशात दहा नाणी आहेत.' नोकरी स्मिथलाच मिळते, आणि त्याच्या खिशातही, त्याला कल्पना नसताना, दहा नाणी निघतात. विधान खरं, विश्वास आहे, आधारही आहे. तरी याला ज्ञान म्हणायला जीभ रेटत नाही.

ज्ञान म्हणजे आधार असलेला खरा विश्वास, ही कल्पना प्लेटोच्या 'थिएटेटस' संवादात चर्चेला येते आणि तिथेच अपुरी ठरते. संवाद उत्तराशिवाय संपतो. तरी वीसाव्या शतकात ती व्याख्या पुष्कळांच्या हाताशी होती, आणि गेटियरच्या तीन पानांनंतर ती दुरुस्त करण्याचं काम अजून चालू आहे. गेटियरने त्यानंतर जवळपास काहीच छापलं नाही. प्राध्यापक मंडळींमध्ये याचा थोडा हेवा आहे.

आणि एक सूचना. धर्मोत्तर वाचल्यावर 'हे सगळं आपल्याकडे बाराशे वर्षांपूर्वीच होतं' असं लिहायचा मोह होईल. उत्तरपत्रिकेत दरवर्षी येतं ते. उदाहरणं सारखी आहेत, प्रश्न सारखे नाहीत. गेटियरला एक व्याख्या मोडायची होती. श्रीहर्षाला प्रमेची, म्हणजे यथार्थ ज्ञानाची, कोणतीच व्याख्या टिकत नाही असं दाखवायचं होतं. नैयायिक तर तिसरंच विचारतो: हे ज्ञान कोणत्या साधनाने उपजलं? साधन सदोष असेल तर फळ योगायोगाने बरोबर आलं तरी त्याचं समाधान होत नाही. छाती फुगवण्यापेक्षा हा फरक दोन ओळींत लिहिलात तर तपासणाऱ्याचा दिवस बरा जातो.

'ज्याचं त्याचं मत'

दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात एक वारं येतं. धुराला तीन उत्तरं, भाकितांच्या चार प्रकारच्या ओळी, प्रमाणं एकापासून सहापर्यंत, मग मुलं म्हणतात, "शेवटी काय मॅडम, ज्याचं त्याचं मत." जे पहिल्या आठवड्यात एकच नाव मागत होते, तेच आता कोणतंच नाव घ्यायला तयार नसतात. विल्यम पेरी या हार्वर्डच्या अभ्यासकाने विद्यार्थ्यांच्या वर्षानुवर्षं मुलाखती घेऊन १९७० साली या प्रवासाचे नऊ टप्पे मांडले: आधी बरोबर-चूक आणि ते जाणणारे गुरुजी, मग सगळीच मतं सारखी, मग कोणतंही मत संदर्भात तोलायला शिकणं, आणि शेवटी धोका पत्करून स्वतः एक बाजू घेणं. त्याचे विद्यार्थी एका श्रीमंत अमेरिकी विद्यापीठातले, बहुतेक मुलगेच. त्यामुळे ती पट्टी स्वतःला लावून 'मी पाचव्यावर आहे' असं मोजत बसू नका. पण मधला टप्पा मला दरवर्षी दिसतो, आणि पुष्कळ जण पदवी घेऊन तिथेच राहतात. तिथे राहणं आरामाचं आहे. वाद नाही, वाचन नाही, वर उदार म्हणवून घेता येतं.

बाहेर पडायला मला दहाव्या शतकातल्या उदयन या नैयायिकाचा एक श्लोक कामी येतो. चार्वाक विचारतो, धूर आणि आग तुम्ही पाहिली तिथे बरोबर होती. न पाहिलेल्या ठिकाणी, पुढच्या काळात, तसंच असेल कशावरून? उदयनाचं उत्तर: ज्या दूरच्या देश-काळाची तू शंका घेतोस, ते देश-काळ तुला अनुमानानेच कळलेत, म्हणजे अनुमान तू मानलंसच. आणि मग 'व्याघातावधिराशङ्का'. शंका चालेल, पण स्वतःच्या वागण्याशी टक्कर होईपर्यंत. पुढे चौदाव्या शतकात मिथिलेचा गंगेश हेच खुलवून सांगतो: धूर हवा म्हणून जो आग पेटवतो, भूक भागावी म्हणून जो जेवतो, त्याला त्या बाबतीत शंका नाही.

वहीत करायचं ते असं. आपल्या शंका एकाखाली एक लिहा आणि समोर विचारा: ही शंका मला खरोखर असेल तर उद्या मी काय वेगळं करेन? 'बाहेरचं जग आहे कशावरून?' लिहिणारा नळ स्टॉपला रस्ता ओलांडताना दोन्ही बाजूंना बघतो, आणि पुण्यात राहत असल्यामुळे वनवे असला तरी बघतो. उलट 'ग्रुपवर आलेला हा फोटो कालच्या घटनेचाच कशावरून?' ही शंका खरी असेल तर तुम्ही तो पुढे पाठवणार नाही. ही शंका ठेवा. तिला कामाला लावा. सगळी मतं सारखीच म्हणणाऱ्यालाही विचारा: ताप आला तर डॉक्टरकडे जातोस की कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे?

पण उदयनाला इतक्या लवकर विजयी करू नका. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमला हे उत्तर ठाऊक असल्यासारखं आहे. अशा शंकांनी डोकं भणभणलं की मी जेवतो, मित्रांबरोबर बॅकगॅमन खेळतो, आणि मग त्या शंका हास्यास्पद वाटतात, असं तो १७३९ साली सुरू झालेल्या आपल्या पहिल्या ग्रंथात स्वतःच सांगतो. त्याचा मुद्दा असा की वागणं शंका थांबवतं, पण तिचं उत्तर देत नाही. सवय म्हणजे पुरावा नव्हे. मी अर्धी उदयनाच्या बाजूची आहे. उरलेल्या अर्ध्याचं काय, ते तुमच्या वहीत दोन पानं कोरी सोडून त्यावर लिहा, आणि मार्चमध्ये पुन्हा वाचा.

समोरच्याची बाजू, त्याच्या सहीने

बाजू घ्यायला शिकायचं तर पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, लिहायला शिका. नियम एकच: समोरच्याने वाचून 'हो, हेच म्हणणं आहे माझं' म्हणत खाली सही केली पाहिजे. पुण्यात यासाठी हेल्मेटसक्तीसारखा विषय नाही. तुम्ही सक्तीच्या बाजूचे असाल तर विरोधकांचं म्हणणं लिहा: शहरात वेग कमी, मान दुखते, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, आणि माझं डोकं माझं आहे. विरोधक असाल तर उलट. मग प्रत्येक वाक्य वेगळं काढा. 'हेल्मेटने डोकं वाचतं' हे एक, 'कायद्यात लिहिलंय' हे दुसरं, 'म्हणून सक्ती योग्य' हे तिसरं. पहिलं अपघातांच्या नोंदींवरून तपासता येतं. दुसरं १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं १२९वं कलम उघडून. तिसरं पहिल्या दोघांतून आपोआप निघत नाही. मध्ये 'लोकांच्या जिवासाठी सरकारने त्यांच्या मर्जीविरुद्ध जावं' हे न बोललेलं वाक्य लपलेलं आहे. नाक्यावरचा वाद वर्षानुवर्षं फिरत राहतो तो याचसाठी. एक जण पहिल्या वाक्यावर बोलत असतो आणि दुसरा लपलेल्या वाक्यावर.

सही मिळवणं अवघड जाईल. पहिल्या वेळी समोरचा म्हणेल, "मी असं कुठे म्हणालो?" पुन्हा लिहा.

घरात मात्र जपून. नवा विद्यार्थी जेवणाच्या ताटावर 'कशावरून?' विचारत सुटतो आणि घरचे तत्त्वज्ञानाला शिव्या देतात. 'थिएटेटस' संवादाच्या शेवटी सॉक्रेटिस थिएटेटस या मुलाला सांगतो की या चर्चेतून हाती काही लागलं नाही, तरी तू सोबतच्या माणसांना कमी जाचक होशील. तेवढं लक्षात असू द्या. ग्रहणात चिरू नये म्हणणाऱ्या आजीला पुरावा मागू नका. "आजी, तुला हे कोणी सांगितलं गं?" असं विचारा. सासूबाईंनी. त्यांना? गावात कीर्तनाला येणाऱ्या बुवांनी. एका चहात शब्दप्रमाणाची तीन पिढ्यांची साखळी उलगडते, कुठली कडी कच्ची तेही दिसतं, आणि आजी खूश.

परीक्षा आणि ग्रंथालय

वही भरली असेल तर परीक्षेसाठी वेगळं फारसं लागत नाही. व्याख्या मूळ शब्दांत द्या, उदाहरण मात्र स्वतःचं घाला. पंचवीस उत्तरपत्रिकांत पर्वत आणि सव्विसाव्या पेपरात डासांचं यंत्र आलं की तपासणारा सावरून बसतो. उत्तरात एक तरी आक्षेप लिहा आणि तो कोणाचा ते सांगा. 'काही विचारवंतांच्या मते' हे वाक्य वापरू नका.

एखाद्या संज्ञेवर अडलात तर दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश' आधी पाहा. १९७४चा आहे, तीन खंड, विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात बसून वाचता येईल. संस्कृत थोडं येत असेल तर भीमाचार्य झळकीकरांचा 'न्यायकोश', वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली आणि भांडारकर संस्थेने १९२८ साली छापलेली आवृत्ती. एक शब्द बघायला उघडतो आणि चार पानं वाचून उठतो, असा तो कोश आहे, तेव्हा परीक्षेच्या आदल्या दिवशी उघडू नका.

आणि गेटियरची नाणी दहा, श्रीहर्षाच्या कवड्या पाच. दरवर्षी निम्मा वर्ग याची अदलाबदल करतो.